पुरात मार्कशीट वाहून गेली तर विद्यापीठ दुसरी देतं, पण विद्यापीठाचाच डेटा गेला तर?

सप्टेंबर २०२५. धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुके एरवी बातमीत येतात ते दुष्काळामुळे. त्या महिन्यात मात्र उलटं झालं. सीना नदीने पात्र सोडलं, गावांना वेढा पडला, काही ठिकाणी तर लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. मराठवाड्यातली परिस्थिती पाहून २८ सप्टेंबरला होणारी एमपीएससीची पूर्व परीक्षा ९ नोव्हेंबरवर ढकलण्यात आली.

घरात पाणी शिरलं की आधी माणसं बाहेर काढतात, मग जनावरं. कपाटातली कागदांची पिशवी आठवते ती सगळ्यात शेवटी. त्यात दहावी-बारावीचं सर्टिफिकेट असतं, टीसी असते, जातीचा दाखला असतो आणि पदवीच्या मार्कशीट असतात. पाणी ओसरल्यावर हातात राहतो तो लगदा.

तरी मार्कशीटचं एक बरं असतं. अर्ज करायचा, फी भरायची, कागद हरवल्याचा पुरावा जोडायचा, की विद्यापीठ आपल्याकडचं रेकॉर्ड तपासून दुसरी प्रत देतं. थोडे हेलपाटे पडतात, पण काम होतं.

या सगळ्या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे विद्यापीठाकडचं रेकॉर्ड शाबूत आहे. विद्यार्थ्याचा बॅकअप म्हणजे विद्यापीठ. मग विद्यापीठाचा बॅकअप कोण?

धाराशिव जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठाची स्थापना १९५८ ची. मुख्य परिसर छत्रपती संभाजीनगरला आणि धाराशिवला २००४ पासून उपपरिसर. दोन्हींमध्ये अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता एखाद्या विद्यापीठाच्या आयटी विभागाकडे नेमकं काय काय असतं ते बघू. निकाल आणि परीक्षेचा डेटा, प्रवेशाचे अर्ज, फीचा हिशेब, कर्मचाऱ्यांचे पगार आणि सेवापुस्तकं, लायब्ररीची यादी, पीएचडीचे प्रबंध, वेबसाईट, ईमेल. जुन्या वर्षांचे निकाल कागदी लेजरमध्ये असतात, त्यांचं स्कॅनिंग झालं असेल तर त्या फायलीही यातच आल्या. शिवाय प्रयोगशाळेतल्या मशीनमधून निघालेला डेटा आणि प्राध्यापकांच्या पेन ड्राइव्हमध्ये अडकलेलं संशोधन.

यातली प्रत्येक गोष्ट सारख्याच किमतीची नसते. वेबसाईटवरचे फोटो गेले तर परत टाकता येतात. फीच्या पावत्या बँकेच्या स्टेटमेंटवरून कशाबशा जुळवता येतात. पण २०१३ आणि २०१६ च्या दुष्काळात एखाद्या संशोधकाने इथल्या गावागावात फिरून घेतलेल्या मुलाखती गेल्या, तर त्या पुन्हा घेता येत नाहीत. तो दुष्काळ परत आणता येत नाही. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा कॅम्पस आहे. अशा ठिकाणी या प्रकारचा डेटा म्हणजे खरी मिळकत.

मशीन नंतर, आधी दोन प्रश्न

बॅकअपचा विषय निघाला की चर्चा लगेच खरेदीवर जाते. कोणता सर्व्हर, किती टीबी, क्लाउड की हार्ड डिस्क, कोटेशन किती जणांचं. ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. आधी विचारायचे असतात दोन प्रश्न, आणि ते आयटीवाल्यांना नाही, तर परीक्षा विभागाला, लेखा विभागाला, संशोधकांना.

पहिला प्रश्न: किती वेळाचं काम गेलं तर चालेल? बॅकअप रोज रात्री बाराला होतो आणि दुपारी चारला सर्व्हर गेला, तर सकाळपासून भरलेलं सगळं गेलं. लायब्ररीला हे चालू शकतं. दिवसभरात दिलेल्या पुस्तकांची नोंद दुसऱ्या दिवशी परत करता येते. पण परीक्षा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असेल तर? हजारो पोरांनी पैसे भरलेत आणि विद्यापीठाकडे नोंदच नाही. तिथे दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त मागे जाणं परवडत नाही. तांत्रिक भाषेत याला आरपीओ म्हणतात.

दुसरा प्रश्न: सगळं परत सुरू व्हायला किती वेळ थांबता येईल? पगाराची सिस्टिम महिन्याच्या दहा तारखेला बंद पडली तर दोन दिवस कुणाला कळणारही नाही. तीच पंचवीस तारखेला पडली तर बोंब होते. याला आरटीओ म्हणतात. गाड्यांच्या लायसन्सवाला नाही, हा वेगळा.

विद्यापीठाच्या बाबतीत गंमत अशी की ही उत्तरं वर्षभर सारखी राहत नाहीत. जून-जुलैत प्रवेशाचा डेटा सगळ्यात नाजूक असतो, परीक्षेच्या काळात परीक्षेचा, निकालाच्या आठवड्यात निकालाचा. म्हणून बॅकअपचं वेळापत्रक शैक्षणिक कॅलेंडर समोर ठेवून बनवायला हवं. कंपनीचा तयार आराखडा उचलून विद्यापीठात लावला की नेमकी हीच गोष्ट सुटते.

एक प्रत, दोन प्रती, की तीन?

जगभर एक सोपा नियम सांगितला जातो, तीन-दोन-एक. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकप्रिय केला. डेटाच्या एकूण तीन प्रती ठेवायच्या, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर ठेवायच्या आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवायची. फोटोग्राफरच्या डोक्यातून हे यावं यात नवल नाही. लग्नाचे फोटो उडाले तर नवरा-नवरीला परत उभं करता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

या नियमात काय मोजायचं नाही हेही समजून घ्यायला हवं. सर्व्हरमध्ये दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत चालतात, त्याला रेड म्हणतात. एक डिस्क जळाली तर दुसरी काम चालू ठेवते. पण कुणी चुकून फाईल डिलीट केली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. म्हणजे रेड हा बॅकअप नाही. तेच सिंक होणाऱ्या ड्राइव्हचं. लॅपटॉपवरची फाईल खराब झाली की खराब झालेलीच फाईल वर चढते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये डिलीट केलेली फाईल ३० दिवस राहते. ती तिथून गेल्यावर संस्थेच्या अ‍ॅडमिनला पुढचे २५ दिवस परत आणता येते. त्यानंतर विषय संपला. शिवाय गुगलने शिक्षण संस्थांना दिलेली फुकट जागाही आता अमर्याद नाही, २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा आहे.

‘दुसरं ठिकाण’ म्हणजे किती लांब, हा पुढचा प्रश्न. वरच्या मजल्यावरची खोली हे दुसरं ठिकाण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला तेव्हा लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, अशा दोन जिल्ह्यांतली गावं एका झटक्यात आडवी झाली. उमरगा-लोहारा पट्ट्यातल्या सास्तूरसारख्या गावांनी ते भोगलंय. अशा वेळी एका इमारतीत काय, एका तालुक्यात ठेवलेल्या दोन प्रतीही एकच ठरतात. म्हणून धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यामधलं ते अडीचशे किलोमीटरचं अंतर एरवी कामासाठी जाणाऱ्याला त्रासाचं वाटतं, पण बॅकअपच्या दृष्टीने वरदान आहे. उपपरिसराची प्रत मुख्य परिसरात आणि मुख्य परिसरातल्या मोलाच्या डेटाची प्रत उपपरिसरात, अशी अदलाबदल दोन परिसर असलेल्या कुठल्याही विद्यापीठाला जागेचं वेगळं भाडं न भरता करता येते.

पण तिथे आडवं येतं इंटरनेट.

समजा, उपपरिसराचा एकूण डेटा १० टीबी आहे आणि लाइन १०० एमबीपीएसची. रोज बदलतो तो डेटा त्यातला एक टक्का धरला, म्हणजे १०० जीबी. पहिली पूर्ण प्रत एकदा गेली की नंतर फक्त बदललेला भाग पाठवायचा असतो. १०० जीबी पाठवायला सव्वादोन तास लागतील. रात्री बाराला सुरू केलं की अडीचच्या आत काम फत्ते. सगळे खूश.

आता सर्व्हर जळाला. सगळा डेटा परत आणायचाय, एक टक्का नाही, पूर्ण १० टीबी. त्याच लाइनवर, दुसरं कुणी इंटरनेटला हातही न लावता, सव्वानऊ दिवस लागतील. मध्ये लाइन तुटली, लाइट गेली, रस्त्याच्या कामात फायबर उखडला गेला तर आणखी. म्हणजे बॅकअप सव्वादोन तासांत आणि रिकव्हरी सव्वानऊ दिवसांत! लाइन एक जीबीपीएसची असेल तर हेच काम २२-२३ तासांत होतं.

बॅकअपच्या बहुतेक योजना इथेच फसतात. ‘डेटा सुरक्षित आहे का’ याचं उत्तर हो असतं, ‘परत कधी मिळेल’ याचं उत्तर कुणी काढलेलं नसतं. यावरचा उपाय तसा साधा आहे. एक प्रत जवळ ठेवायची, पटकन परत आणण्यासाठी. एक लांब ठेवायची, इमारतच गेली तर. आणि ज्या दिवशी सगळंच परत हवं असेल त्या दिवशी लांबच्या ठिकाणी डेटा डिस्कवर उतरवून ती डिस्क गाडीत घालून आणायची. सकाळी निघालेली गाडी बीडमार्गे दुपारपर्यंत धाराशिवला पोचते. हे ऐकायला मागासलेलं वाटेल, पण मोठ्या क्लाउड कंपन्याही प्रचंड डेटा हलवायला पेट्याच पाठवत आल्या आहेत.

आणि टेप? कॅसेटच्या जमान्यातली वाटणारी चुंबकीय फीत आजही जिवंत आहे. एलटीओ-९ प्रकारच्या एका टेपवर १८ टीबी मावतात. ती कपाटात ठेवली की तिला वीज लागत नाही आणि कपाटातल्या टेपला हॅकर हात लावू शकत नाही.

चोर आता आधी बॅकअपच शोधतो

हॅकरचा मुद्दा आला, कारण आताशा डेटा जातो तो डिस्क जळून कमी आणि रॅन्समवेअरने जास्त, अशी धास्ती सगळ्या आयटी विभागांना आहे. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्याच घराला दुसऱ्याने कुलूप लावायचं आणि किल्लीचे पैसे मागायचे.

महाराष्ट्राने हे मार्च २०२१ मध्ये पाहिलंय. एमआयडीसीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि राज्यभरातलं ऑनलाइन कामकाज ठप्प झालं. तेव्हा महामंडळाने सांगितलं होतं की बॅकअप वेगळ्या नेटवर्कवर, क्लाउडमध्ये होता आणि त्याला बाधा झालेली नाही. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर २०२२ ला, दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हरवरचा साधारण १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला होता. तिथेही वाचवलं ते बाधा न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरनेच. पण सगळं परत उभं राहीपर्यंत देशातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलांपैकी एकात कित्येक दिवस कागद-पेनावर काम चाललं. डेटा वाचला, वेळ वाचला नाही.

दोन्ही ठिकाणी बॅकअप का वाचला? कारण तो हल्ला झालेल्या मशीनपासून वेगळा होता. हल्लेखोर आत शिरल्यावर लगेच कुलूप लावत नाहीत. ते आधी बॅकअप कुठे आहे ते शोधतात आणि तो आधी संपवतात, म्हणजे समोरच्याला पैसे देण्यावाचून पर्याय राहत नाही. म्हणून तीन-दोन-एकच्या पुढे आता आणखी एक अट जोडली जाते. किमान एक प्रत अशी हवी, जी नेटवर्कला जोडलेलीच नाही किंवा ठरलेल्या मुदतीपर्यंत अ‍ॅडमिनलाही बदलता किंवा पुसता येत नाही. आणि बॅकअपचा पासवर्ड सर्व्हरच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा. दाराची आणि तिजोरीची किल्ली एकाच जुडग्यात ठेवायची नसते, एवढं साधं आहे हे.

बॅकअप होता, पण...

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब नावाची कंपनी, जगभरातले प्रोग्रॅमर आपला कोड तिथे ठेवतात. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनिअरने डेटाबेस पुसायची कमांड चुकीच्या सर्व्हरवर दिली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

हरकत नाही, बॅकअप आहे ना! एक नाही, पाच प्रकारचे. मग एकेक उघडून बघितला. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम आवृत्ती जुळत नसल्यामुळे कधीपासून बंद पडला होता. तो बंद पडल्याची सूचना ईमेलने जायची, पण ते ईमेल समोरून नाकारले जात होते, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. दुसरा प्रकार त्या सर्व्हरवर सुरूच केलेला नव्हता. पाचातला एकही धड कामाचा निघाला नाही. शेवटी वाचवलं ते नशिबाने. त्याच इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक कॉपी घेऊन ठेवली होती. तीवरून सगळं उभं केलं, मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. कंपनीचं कौतुक यासाठी की त्यांनी हे लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं.

विद्यापीठाचंच उदाहरण हवं असेल तर जपानच्या क्योटो विद्यापीठाचं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सुपरकॉम्प्युटरवरचा ७७ टीबी संशोधनाचा डेटा उडाला. सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, १४ संशोधन गटांच्या. उडवला कुणी? बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टनेच. पुरवठादार कंपनीने चालू स्क्रिप्टमध्ये बदल केला आणि जुन्या नोंदी पुसायच्या ऐवजी ती खऱ्या फायली पुसत सुटली. १४ पैकी ४ गटांचा डेटा परत आणता आला नाही. संशोधन करणाऱ्यांसाठी ही वर्षांची मेहनत असते.

आणि इकडे मराठवाडा पुराशी झुंजत होता त्याच महिन्यात, २६ सप्टेंबर २०२५ ला, दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सुरुवात झाली यूपीएसच्या लिथियम बॅटरीपासून. सहाशेहून जास्त सरकारी सिस्टिम बंद पडल्या आणि साडेसात लाख कर्मचाऱ्यांसाठी बनवलेल्या सरकारी ड्राइव्हमधला ८५८ टीबी डेटा नष्ट झाला. त्याचा बाहेर बॅकअप नव्हता. कारण सांगितलं गेलं ते असं की डेटा फार मोठा होता. जगातल्या सगळ्यात वेगवान इंटरनेटवाल्या देशांपैकी एकाची ही गोष्ट. आपल्याकडे लाइटचा भरवसा नसल्याने सर्व्हरच्या खोलीतच बॅटऱ्यांची रांग लावलेली असते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. बॅटऱ्या भिंतीपलीकडे हलवणं हे बॅकअप योजनेतलं सगळ्यात स्वस्त काम असेल.

गिटलॅबच्या गोष्टीतून निघणारा उपाय म्हणजे रंगीत तालीम. दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवायचा, वेगळ्या मशीनवर बॅकअपमधून डेटा परत उभा करायचा आणि घड्याळ लावून बसायचं. निकालाच्या डेटाबेसमधला २०११ सालचा एखादा बैठक क्रमांक टाकून त्याची मार्कशीट निघते का ते बघायचं. नुसती फाईल उघडली म्हणून चालत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये बनवलेल्या याद्या आज उघडल्या की अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं, हा अनुभव कुठल्याही सरकारी ऑफिसात मिळेल. असा डेटा युनिकोडमध्ये आणणं हाही रिकव्हरीचाच भाग आहे.

तालमीत आणखी एक प्रश्न हमखास पुढे येतो. हे सगळं येतं कुणाला? छोट्या परिसरात आयटी म्हणजे दोन-तीन माणसं, त्यातही कंत्राटी. पासवर्ड एकाच्या डोक्यात असतो आणि तो कंत्राट संपून पुण्याला गेलेला असतो. कुलूपबंद बॅकअपची किल्ली हरवली तर तो बॅकअप असून नसल्यासारखा. म्हणून रिकव्हरीच्या पायऱ्या, कंपनीचे फोन नंबर, कोणत्या क्रमाने काय सुरू करायचं, हे सगळं कागदावर छापून फाईलला लावायचं, आणि पासवर्ड सीलबंद पाकिटात दोन जबाबदार अधिकाऱ्यांकडे द्यायचे. कागदावर का? कारण रिकव्हरीची माहिती सर्व्हरवरच ठेवली आणि सर्व्हरच बंद पडला, तर ती वाचणार कशी?

कायद्याचं ओझंही आता आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं आणि सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा विद्यार्थ्यांच्या माहितीलाही कवेत घेतो, म्हणजे बॅकअपची डिस्क कुणाच्या बॅगेत सापडली तर त्याचीही जबाबदारी संस्थेवर येऊ शकते.

पैशाचं म्हणाल, तर नवा सर्व्हर घ्यायला मंजुरी मिळते, कारण तो दिसतो, त्याचं उद्घाटन करता येतं. टेपच्या खोक्याला आणि तालमीच्या दिवसाला फीत कापता येत नाही. त्यामुळे मागणी करताना ‘बॅकअपसाठी एवढे लाख’ असं न लिहिता, ‘निकालाच्या आठवड्यात सिस्टिम नऊ दिवस बंद राहिली तर काय होईल’ हे लिहिलं तर फाईल पुढे सरकण्याची शक्यता जास्त.

हे झालं विद्यापीठाचं. विद्यार्थ्यांसाठी आता डिजिलॉकरची सोय आहे. राष्ट्रीय शैक्षणिक डिपॉझिटरी तिच्यावर चालते आणि तिथे संस्थेने जारी केलेली मार्कशीट मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरली जाते. पण त्यात मार्कशीट येते ती विद्यापीठाने तुमच्या वर्षाचा डेटा वर चढवला असेल तरच. तेव्हा अ‍ॅप उघडून आपल्या वर्षाची मार्कशीट दिसते का ते एकदा बघा. दिसत नसेल तर परीक्षा विभागाकडे अर्ज करा आणि तोपर्यंत मूळ कागद स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं.